पिवळ्या असतील त्या

ता. ६ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
ताईचे अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, आधीच कान धरते. शाळेच्या गणवेशांचं काम एकदम अंगावर आलं. तीन आठवडे मी आणि मशीन, दुसरं कोणी जगात आहे हेच विसरले होते. काल शेवटचा गठ्ठा पोचवला आणि आज पहिल्यांदा पाठ टेकून चहा प्यायले. तेव्हा रागावू नकोस. रागावलीस तरी तिथूनच रागावशील, इथे ऐकू येत नाही.

आईचं मनगट जुळत आलंय. प्लास्टर निघालं, पण बोटांत जोर नाही. डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलंय आणि ते ती न चुकता खाते. दुकानातलं मात्र चालत नाही. एकदा मी गुपचूप उकडून दिलं, तर पहिल्याच घासाला म्हणाली की याला पिशवीचा वास येतोय, आणि ताटली सरकवून दिली. डोळ्यांनी दिसेनासं झाल्यापासून नाक भलतंच तिखट झालंय तिचं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. तीन वर्षांपूर्वी तू खोक्यात घालून बसने बारा पिल्लं पाठवली होतीस, त्यातल्या सहा आता उरल्यात. उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच अंडी निघायची. हळूहळू तीन, मग दोन, आणि गेला महिनाभर एकच. म्हणजे सहाजणींत घालते एक आणि बाकीच्या पाच नुसत्या बसून खातात. ती एक कोण ते काही केल्या कळत नाही. सगळ्या एकाच टोपलीत जाऊन बसतात. घालणारी घालून निघून जाते आणि मागे राहिलेल्या असा गलका करतात की जणू यांनीच घातलं. अगदी तुझ्या भाच्यासारखं. वर्कशॉपमध्ये बसचं चाक बदलतो दुसराच आणि घरी येऊन दमतो हा.

सूनबाई रोज सकाळी दाणे टाकताना बोलून दाखवते. म्हणते की मावशींना विचारा ना, त्यांचा जन्म कोंबड्यांत गेला. ते मात्र खरं. चाळीस वर्षं तू अंडी उबवण्याच्या केंद्रात काढलीस, तुला एका नजरेत कळेल. कोणती काढायची आणि कोणती ठेवायची ते नीट कळव. शिवाय वाऱ्याने खुराड्याचा पत्रा उडाला तेव्हापासून या सगळ्या मागच्या खोलीत मुक्कामाला आहेत. ती खोली आता मोकळी व्हायला हवी आहे.

मार्चनंतर कुठे राहायचं असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, ते विसरले नाहीये. आधी हे कोंबड्यांचं निस्तरू दे, मग त्याचं बघू. तब्येतीला जप. उभं राहून राहून पाय सुजतात तर रात्री उशीवर ठेवत जा. माया आहे तशीच आहे, पत्र उशिरा आलं म्हणून कमी झाली असं समजू नकोस.

तुझी
ताई

&nbsp;

ता. १३ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, मांडीवर ट्रे ठेवून, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायांचं आलंय. या आठवड्यात उबवणीच्या मशीनमधून पिल्लांची मोठी खेप निघायची आहे. सकाळपासून अंडी दिव्यावर धरून बघतेय. डोळे मिटले तरी पापणीच्या आत अंडीच दिसतात.

तुझ्या कोंबड्यांचं सोपं आहे, त्यात डोकं शिणवण्यासारखं काही नाही. एकेकीला उचल, दारात उजेडात धर आणि बघ. पिवळ्या असतील त्या काढ, बिनदिक्कत काढ. त्या घालत नाहीत. उरतील त्या ठेव. आमच्याकडे मी एका दमात शंभर कोंबड्या बघते, तुझ्या सहांना चहा गार होईपर्यंतही वेळ लागायचा नाही.

आता माझं. ताई, तू खोली मोकळी व्हायला हवी असं लिहिलंस आणि मी ते वाक्य चार वेळा वाचलं. एकतीस मार्चला माझी नोकरी संपते. हे क्वार्टर म्हणजे एक खोली आणि बाहेर नळ, पण इतकी वर्षं डोक्यावर छप्पर होतं. एप्रिलपासून ते नव्या बाईला मिळेल. ती येऊन भिंती बघूनही गेली. मला कुठला रंग आवडतो असं विचारलं तिने, आणि मग तिचं तिलाच कसंतरी झालं.

मला फार काही नको. मागची खोली मला चांगली आठवते. पेरूच्या झाडाकडची खिडकी, तिच्याखाली माझी खाट मावेल. एक ट्रंक, एक शेगडी. आईचं अंघोळीचं, औषधाचं सगळं मी बघेन, तुझी पाठ मोकळी होईल. त्या घरात मी नऊ वर्षांची असल्यापासून पाहुणी म्हणूनच येतेय, बाहेरच्या खोलीत चटई टाकून झोपतेय आणि तिसऱ्या दिवशी निघतेय. आता एकदा पिशवी न भरता राहायचं आहे.

इथे पडद्याचं कापड मिळालं, निळं, बारीक ठिपक्यांचं. खिडकीचं माप मोजून पाठव. टेप तुझ्या गळ्यात असतोच. आणि खोलीबद्दल हो किंवा नाही एवढं लिही. इतके दिवस त्याचं भिजत घोंगडं पडलंय.

आईला नमस्कार. भाच्याला आणि सूनबाईला आशीर्वाद. लोभ आहे, तो उत्तरातून दिसावा.

तुझी
धाकटी

&nbsp;

ता. ३० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसंच केलं. रविवारी दुपारी दारात स्टूल टाकून बसले आणि सूनबाई एकेक पकडून माझ्या हातात देत गेली. राणी, ठुमकी, मास्तरीण, सगळ्या नीट निरखल्या. खरं सांगते, मी त्यांना अशी जवळून कधी बघितलीच नव्हती. कशा तुकतुकीत दिसतात गं. पिसं नवी कोरी, पाय नुकतेच रंगवून आणल्यासारखे, अंगाने भरलेल्या. सूनबाई हसून म्हणाली की या तर लग्नाला निघाल्यात.

मग फाटकी आली. तिला तू बघितली आहेस, मागल्या वेळी तुझ्या चपलेवर बसली होती ती. तिची दशा काय सांगू. पाठीची पिसं झिजून नुसत्या काड्या राहिल्या होत्या, छातीवर टक्कल. तुरा एका बाजूला लोंबत होता. चोच आणि पाय खडूसारखे पांढरे, अंगात रक्ताचा थेंब नसावा असे. पार पिवळी पडली होती बिचारी. तू पिवळ्या असतील त्या म्हणालीस, पण निघाली ती ही एकच. मी सूनबाईला म्हटलं की शाबास, मावशीचा अंदाज कसा बरोबर निघाला बघ. कोपऱ्यावरचा खाटीक संध्याकाळी येऊन घेऊन गेला. तोही म्हणाला की हिच्यात काही नाही, पण नेतो.

आईला सांगितलं नव्हतं. पण दिवेलागणीला कोंबड्या आत जाताना ती आवाजावरून मोजते. पाच झाल्यावर थांबली आणि ती घोगऱ्या आवाजाची कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं की आजारी होती, गेली. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आणि आता ऐक. त्या दिवसापासून एक अंडं नाही. दहा दिवस झाले. टोपली कोरडी. बहुतेक त्यांना धक्का बसला असावा. असं किती दिवस चालतं, काही औषध असतं का, ते उलट टपाली कळव. आई दुकानातलं अंडं तोंडात धरते आणि माझी पाठ वळली की रुमालात काढून ठेवते. मला उशीखाली सापडलं.

खोलीचं असं झालंय की सूनबाईने पार्लरचा कोर्स केला आहे हे तुला माहीतच आहे. तिला घरीच सुरू करायचंय. आरसा आणि ती मागेपुढे होणारी खुर्ची सांगूनही झाली. मागच्या खोलीला बाहेरून वेगळं दार आहे, तेव्हा बायकांना यायला जायला ते बरं पडेल असं दोघांचं म्हणणं. मी मध्ये पडून काय करू. घर त्यांचं, पुढचे दिवस त्यांचे. तू येशील तेव्हा बाहेरच्या खोलीत तुझी सोय असतेच की. तुला कधी नाही म्हटलंय का कोणी?

माप घ्यायचं राहिलं. टेप कुठे ठेवला ते सापडत नाहीये. मनात काही आणू नकोस, मायेला धक्का लावू नकोस.

तुझी
ताई

&nbsp;

ता. ८ डिसेंबर

ताईस,
न. वि. वि.

शिवणकाम करणाऱ्या बाईला टेप सापडत नाही. बरं.

आधी कोंबडीचं सांगते, कारण त्याचं उत्तर तू उलट टपाली मागितलं आहेस. पाच कोंबड्यांना धक्काबिक्का काही बसलेला नाही. घालणारी फाटकीच होती. तिलाच तू खाटकाला दिलीस.

पिवळ्या म्हणजे पाय पिवळे, ताई. आमच्याकडे पाय आणि चोच पिवळीधमक झालेल्या कोंबडीला नुसतं पिवळी म्हणतात. हे मी चाळीस वर्षं रोज बोलते, त्यामुळे लिहिताना पाय हा शब्द घालायचा राहिला. घरात पिवळी म्हणजे आजारी, पिवळी म्हणजे निस्तेज, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खरं तर माझ्याच ध्यानात यायला हवं होतं.

अंड्यातला बलक पिवळा असतो ना, तो रंग कोंबडी आपल्याच अंगातून देते. घालायला लागली की पहिल्यांदा चोच फिकी पडते, मग पाय. घालत जाईल तशी फिकी होत जाते. पिसं झिजतात, टोपलीत घासून छाती उघडी पडते. जिचे पाय खडूसारखे झालेत तिने महिनोन्महिने घातलंय असं समजायचं. आणि जी रंगवल्यासारखी तुकतुकीत दिसते, तिने सगळं अंगावर ठेवलेलं असतं. तू लग्नाला निघालेल्या ठेवल्यास आणि जी आईला रोज एक अंडं देत होती तिला बाहेर काढलंस. शाबासकी मलाही नको आणि तुलाही नको.

आता जे लिहिते ते लिहिणार नव्हते. पण तुझं पत्र दोन दिवस उशाशी आहे आणि झोप नाही.

मला कावीळ होऊन गेली होती तेव्हाचं तुला आठवतं का? मी नऊ वर्षांची, तू बारा. आपली मावशी आली होती. तिला मूल नव्हतं, काका या केंद्रात पहारेकरी होते. आईने आपल्या दोघींना अंगणात उभं केलं. तुझ्या हातात झाडू होता. मावशीने विचारलं की कोणती देतेस, आणि आई म्हणाली की ही पिवळी घेऊन जा, थोरली माझ्या हाताशी लागते. मी ते ऐकलं. तूही ऐकलंस. तू झाडत राहिलीस.

मी कधी तोंडातून काढलं नाही. मावशीने वाईट वागवलं नाही, शिकवलंही. पण मी कुठेही गेले, कितीही मोठी झाले, तरी अंगणातून काढलेली ती काढलेलीच. तुझं शिवणयंत्र, आईच्या डोळ्यांचं पहिलं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, ही पिल्लंसुद्धा, मी काय काय पाठवलं ते उगाळत बसणार नाही. एकदा विचार करून बघ आणि मग आपल्या दोघींचे पाय बघ.

पण ताई, माझाही गुन्हा आहे, तो लपवत नाही. थंडीत दिवस लहान झाले की कोंबड्या पिसं टाकतात. नवी पिसं येईपर्यंत घालणं बंद. दिवस मोठे झाले की पुन्हा सुरू करतात. तीन वर्षांच्या आहेत, पूर्वीइतक्या नाहीत, पण घालतात. तुझं पत्र नोव्हेंबरचं. कोणत्याही नवख्या मुलीने सांगितलं असतं की कोणालाच काढू नका, दोन-तीन महिने थांबा. मला ते पहिल्या ओळीलाच कळलं होतं. मी लिहिलं नाही. कोंबड्या गेल्या की खोली रिकामी होईल, आणि रिकामी झाली की मला मिळेल, एवढंच मला दिसत होतं. सहाच्या सहा गेल्या असत्या तरी मला चाललं असतं. तुझ्या हातून चूक झाली, मी जाणूनबुजून केलं.

एवढं सगळं लिहूनही पुन्हा विचारते, कारण मला दुसरीकडे विचारायला जागा नाही. मार्चनंतर मी येऊ का?

धाकटी

&nbsp;

ता. २१ डिसेंबर

चि. धाकटीस आईचे आशीर्वाद.

पत्र लिहिणारी शेजारची नर्स आहे. मी सांगते तसं लिही, मधे आपल्या पदरचं घालू नकोस, असं तिला बजावलंय. थोरली बटणं आणायला बाजारात गेली आहे.

तुझं पत्र थोरलीने मला वाचून दाखवलं नाही. पण वाचून झाल्यावर ती मोरीत जाऊन बसली आणि नळ सोडून ठेवला. मग मी ते नर्सबाईकडून वाचून घेतलं. चोरून वाचलं म्हण.

मी तुला दिलं हे खरं आहे. तू आजारी होतीस, मावशीकडे बरी होशील, असं मी लोकांना सांगत आले. तुझ्या वडिलांनाही तेच सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. थोरली विहिरीवरून दोन घागरी आणायची आणि तुला एक उचलत नव्हती. मला पाणी आणणारी हवी होती. माफ कर असं म्हणत नाही, कारण त्या दिवसापाशी परत उभी राहिले तर तेच करेन. घरात पाणी नव्हतं, बाळ.

कोंबडीचंही सांगते. फाटकी घालत होती हे मला ठाऊक होतं. रोज सकाळी माझ्या खाटेपाशी यायची, घशातल्या घशात काहीतरी बोलायची आणि मग मागे जायची. थोड्या वेळाने मला अंडं यायचं. डोळे नसलेल्या माणसालाही एवढं कळतं. तुम्ही दोघी पत्रं लिहीत बसलात, एक इथून आणि एक तिथून. मला कोणी विचारलं नाही.

घराच्या कागदावर माझा अंगठा दोन वर्षांपूर्वीच घेतलाय. नातवाने घेतला, थोरलीने हात धरला. माझं आता इथे खाटेपुरतं आहे. तेव्हा तू ये, असं म्हणायला माझ्याकडे खोली नाही. नाहीतर म्हटलं असतं. मनापासून म्हटलं असतं की काय, ते मात्र आता सांगता येत नाही.

मी अंडं खात नाही, त्याची काळजी करू नकोस. हात काय, आज ना उद्या भरेल.

आई

&nbsp;

ता. २६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जवळजवळ तीन महिने लिहिलं नाही. काय लिहायचं ते कळत नव्हतं. तू नमस्कार आखडता घेतलास ते दिसलं मला. आईने पत्र लिहून घेतलं तेही कळलं, नर्सबाईच्या पोटात काही राहत नाही.

तुझं पत्र माझ्या जिव्हारी लागलं, ते खरं असल्यामुळे जास्त. पण एक तूही ऐक. मी झाडत राहिले असं लिहिलंस. झाडू खाली टाकून मी काय केलं असतं? मला घेऊन जा म्हटलं असतं, आणि तेच माझ्या ओठांवर आलं होतं. मावशीच्या घरी शाळा होती. तू दहावीपर्यंत गेलीस, माझी सातवीतच सुटली. बाबा नऊ वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं भांडं मी काढलं. आईची बोलणी मी खाल्ली. घरजावई म्हणून यांना लोक जे बोलले तेही मीच ऐकलं. तुला काढलं म्हणून तू रडतेस आणि मला ठेवलं म्हणून मी. आपल्या दोघींत तुकतुकीत कोण आहे ते मला आरशात दिसत नाही. सूनबाईच्या नव्या आरशातही नाही.

आता कोंबड्या. तू म्हणालीस तसंच झालं. पंधरा दिवसांपूर्वी मास्तरणीने पहिलं घातलं. मग राणीने. आता दिवसाला तीन, कधी चार निघतात. मी रोज पाय बघते. राणीची चोच फिकी पडली, पायही पडू लागलेत. आई पुन्हा खायला लागली, पण पहिल्या दिवशी अंडं हातात घेऊन बराच वेळ तशीच बसून होती.

सूनबाई एकदम खूश आहे. चार बायकांना अंडी देते, त्यांना आणखी हवी आहेत. आता म्हणते की कोंबड्या हलवायच्या नाहीत, त्यांना मागची खोलीच बरी, ऊन येतं, वारा लागत नाही. पार्लर बाहेरच्या खोलीत थाटलंय. खुर्ची आली, आरसा भिंतीला ठोकला. म्हणजे तुझ्या चटईची जागाही गेली. हे मला लिहायला फार जड जातंय, पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी एकदा बोलले. तुझा भाचा जेवत होता, त्याला म्हटलं की मावशी मार्चात रिकामी होते, तिचं बघायला हवं. तो म्हणाला की त्यांचं इतक्या वर्षांचं तिथे आहे, इथे त्यांना करमायचं नाही. मी वाढत राहिले.

खोलीला जाळी बसवायची म्हणून काल खिडकीचं माप घेतलं. अडीच फूट रुंद, तीन फूट उंच. तुला हवं होतं, म्हणून लिहिते.

मला शिव्या दे, पण पत्र पाठवणं थांबवू नकोस. माझ्यापाशी ते एवढंच आहे.

तुझी
ताई

&nbsp;

ता. १४ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नमस्कार या वेळी पूर्ण लिहिलाय. मोजून घे.

माझी सोय झाली. केंद्राच्या फाटकाशी, काकांच्या नंतर आलेल्या पहारेकऱ्याची विधवा राहते, तिची पडवी बंद करून एक खोली केली आहे. खिडकी नाही, पण दार मोठं आहे. दुपारी दार उघडं ठेवलं की उजेड येतो. बाई बोलायला बरी आहे, फार विचारत नाही. सकाळी पिल्लांच्या गाड्या निघतात त्यांचा आवाज इथपर्यंत येतो, तेव्हा भाच्याचं म्हणणं खरं ठरेल, मला करमेल.

झाडूचं तू आधी कधी सांगितलं नव्हतंस. मला वाटायचं तू ऐकलंच नाहीस असं दाखवत होतीस. यापुढे ते माझ्या डोक्यात असंच राहील, की तू ओठांवर आणून गिळलंस. माझा राग त्याने गेला असं मात्र समजू नकोस. त्याला जायला आता फारसे दिवसही उरले नाहीत.

सोबत पडदा पाठवतेय. माप यायच्या आधीच शिवला होता, आठवणीने. तीन बाय साडेतीन केला, म्हणजे चहूबाजूंनी थोडा मोठा होईल. दुमडून टीप मार. जाळीच्या आतल्या बाजूने लाव, नाहीतर रात्रीचा गारवा थेट त्यांच्या अंगावर येईल आणि घालणाऱ्या कोंबडीला गारवा सोसत नाही. कापड धुतलं तरी रंग जात नाही, मी बघून घेतलंय.

आईला रोज एक दे. राणीचं दे, तिचा बलक चांगला असेल.

आणि ताई, नोव्हेंबर आला की त्या पुन्हा थांबतील. पिसं झडतील, टोपली कोरडी राहील, घरातले बोलायला लागतील. तेव्हा मला पत्र टाकून विचारू नकोस. थोडी थांब.

तुझी
धाकटी